हापशाचा दांडा निघाला, पण नकाशा बघून नव्हे

गेल्या महिन्याभरात तीन ग्रुपांवर तोच मजकूर आला. थोडक्यात असा: १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा आला, डॉ. जॉन स्नो यांनी मृतांचे ठिपके नकाशावर मांडले. सगळे एका हापशाभोवती दिसले. दांडा काढला आणि साथ थांबली. शेवटी ‘जगातला पहिला डेटा नकाशा’. मी पोटासाठी दिवसभर चार्ट काढतो, त्यामुळे गोष्ट खरी असती तर मलाच सर्वांत जास्त आवडली असती.

आधी ठिपके. ते नव्हतेच. प्रत्येक मृत्यूला एक काळी आडवी पट्टी, आणि एकाच घरातल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या. गौण बाब आहे, पण मूळ नकाशा उघडून पाहिलेला नाही हे कळतं.

आता नकाशा बघून दांडा काढल्याचं. सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या या हापशाचा दांडा ८ सप्टेंबरला निघाला. नकाशा लोकांसमोर आला डिसेंबरात, छापला गेला १८५५ मध्ये. मग ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो स्थानिक मंडळापुढे गेले ते काय घेऊन? मृत्युनोंदणीतली ८३ जणांची यादी, आणि दारोदार फिरून केलेली चौकशी. त्यातले ७३ मृत्यू या हापशाच्या आसपासचे, आणि त्यांपैकी ६१ जण तिथलं पाणी पीत असत. शिवाय कॉलरा पाण्यातून पसरतो हे स्नो १८४९ पासूनच लिहीत होते. संशय आधीचा, नकाशा नंतरचा.

दांड्यामुळे साथ थांबली? स्नो यांचाच तक्ता बघा. पुढे दगावलेल्यांपैकी १ सप्टेंबरला आजारी पडलेले १४३, तर ८ तारखेला फक्त १२. साथ आधीच उतरली होती. लोक घरं सोडून पळाल्यामुळे हे झालं असावं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

‘पहिला’ तर अजिबात नाही. व्हॅलेंटाईन सीमन यांनी न्यूयॉर्कमधल्या पीतज्वराचे रुग्ण १७९८ मध्येच नकाशावर दाखवले होते.

उरला सगळ्यात लाडका मुद्दा: नकाशा पाहिला की कुणालाही पटावं. सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीनंही याच भागाचा मृत्यूंचा नकाशा काढला होता. निष्कर्ष? दोष दूषित हवेचा! हवेतून पसरणारा रोगही एका ठिकाणी दाटून दिसू शकतोच की. नुसती गर्दी दाखवून हा वाद मिटणारा नव्हता.

स्नो यांचं खरं काम गर्दीत नाही, मोकळ्या जागांत आहे. हापशाजवळच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गोरगरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या आश्रमात, ५३५ माणसं होती, कॉलऱ्यानं गेली फक्त ५. त्यांची विहीर वेगळी होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच बिअरच्या कारखान्यात सत्तरएक कामगार, मृत्यू एकही नाही. त्यांना बिअर मिळायची, हापशाकडे ते फिरकतच नसत. हवा तर सगळ्यांची एकच होती! आणि उलट टोकाला हॅम्पस्टेडची ती विधवा बाई, कित्येक मैल दूर. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून रोज गाडीतून बाटली जायची. ती गेली, तिच्याकडे येऊन तेच पाणी प्यालेली इझलिंग्टनची भाचीही गेली. सोहोच्या नकाशावर या दोघींना जागाच नाही, पण स्नो यांच्या लेखी याहून भक्कम पुरावा नव्हता.

दांडा काढणं मात्र वाया गेलं नाही. हेन्री व्हाइटहेड हे तिथले तरुण पाद्री. स्नो यांना खोटं ठरवायला निघाले आणि घरोघर विचारता विचारता त्यांच्याच बाजूचे झाले. ४० नंबरच्या घरात साथ भडकण्याआधीच एक तान्हं बाळ जुलाबांनी आजारी पडलं होतं, हे त्यांना मृत्युनोंदीत सापडलं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी आईनं घरासमोरच्या शोषखड्ड्यात ओतलं होतं. खोदून पाहिल्यावर खड्डा गळका निघाला, आणि हापशाच्या विहिरीपासून तीन फुटांपेक्षाही कमी अंतरावर. त्याच बाळाच्या बापाला कॉलरा झाला तो ८ सप्टेंबरला, ज्या दिवशी दांडा निघाला त्याच दिवशी. दांडा निघाला नसता तर तीच घाण पुन्हा लोकांच्या पाण्यात जाऊ शकली असती.