घरावर झाड पडलं की कुऱ्हाडीला हात शेवटी

घरावर झाड पडतं तेव्हा वारा जेवढं नुकसान करतो, जवळपास तेवढंच पुढच्या दोन-तीन दिवसांत आपण माणसं करतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ गेल्यानंतर आमच्या श्रीवर्धन तालुक्यात मी हे बघितलंय. पाऊस तोंडावर आला की हे लिहावंसं वाटतंच. आज सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण किनारपट्टीवर घर असेल तर पूर्ण वाचा.

आमच्याकडे घर आणि वाडी वेगळी नसते. ओटीसमोर खळं, खळ्याला लागून माड, मागच्या परसात फणस आणि रायवळ आंबा. सावली पडावी म्हणून आजा-पणज्याने मुद्दाम घराशेजारी लावलेली ही झाडं. कित्येक ठिकाणी जांभ्या दगडावर माती हात-दोन हातच. मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. त्यात हल्ली कंपाऊंड घालायला जेसीबी येतो आणि एका बाजूची मुळं सपासप तोडून जातो, खोडाभोवती काँक्रीट ओततात. मग माती भिजली आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा आला की ते झाड मोडत नाही, मुळासकट उपटतं. आणि जागाच तेवढी असते, जायचं कुठे? घरावरच येतं.

शेजारच्या काकींच्या घरावर असाच रायवळ आला. खोड बरोबर आढ्यावर, म्हणजे छपराच्या माथ्याच्या आडव्या लाकडावर टेकलेलं, फांद्या कौलं फोडून माजघरात, आणि मागे मुळांचा मातीसकट उचललेला गड्डा माणसाहून उंच. तोवर नुकसान होतं थोडी कौलं, काही रीपा आणि तीन-चार वाशांचं. भिंती धड होत्या. दुसऱ्या दिवशी पेट्रोलवरचा कटर घेऊन दोघं पोरं आली. मनाने चांगली, फुकट मदत करायला आलेली. त्यांनी सुरुवात केली बुंध्यापासून, कारण तिथे जमिनीवर उभं राहून हात पोचतो. बुंधा तुटला तसा तो गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसला. आणि मागून धरून ठेवणारं काहीच न उरल्यामुळे खोड आढ्यावरून घसरलं, पडवी आणि अर्धी भिंत घेऊन खाली आलं. त्याच खड्ड्यात थोड्या वेळापूर्वी लहान मुलं उतरून खेळत होती. त्या आवाजाची आठवण आजही अंगावर काटा आणते.

पलीकडच्या वाडीत एका जुन्या लाकूडवाल्यांनी तसंच झाड उतरवलं. त्यांचा पहिला अर्धा दिवस कापण्यात गेलाच नाही. झाड कुठे कुठे टेकलंय, कुठली फांदी नुसती लोंबतेय आणि कुठली टेकूसारखी सगळा भार पेलतेय, हे ते चारही बाजूंनी बघत फिरले. मग घरात शिरून आढ्याखाली आणि तुळईखाली बल्ल्यांचे टेकू दिले. नंतर शेंड्याकडून सुरुवात. बारीक डहाळ्या आधी, जाड फांद्या दोराने बांधून एकेक खाली. वाकून ताणलेली फांदी कापताना त्यांनी आधी दबलेल्या बाजूने थोडा काप घेतला, मग ताणलेल्या बाजूने. उलटं केलं की फांदी चिरून कापणाऱ्याच्या छातीवर येते. सगळ्यात शेवटी खोड चेनपुलीने वर उचललं आणि मग बाजूला घेतलं. ओढलं नाही. ओढलं असतं तर छप्पर बरोबर आलं असतं. आढं शाबूत राहिलं, त्याच आठवड्यात ताडपत्री टाकून माणसं पुन्हा घरात राहायला गेली.

दोन्ही झाडं सारखीच. फरक फक्त माहितगार माणूस हाताशी असण्या-नसण्याचा.

आणि माझं म्हणणं नेमकं हेच आहे. सरकार या संकटाकडे पैशाचा प्रश्न म्हणून बघतं. निसर्गनंतर मदत वाढवली, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख केली, ते योग्यच होतं. एनडीआरएफचे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाचे जवान आले, रस्त्यावरची झाडं आधी बाजूला केली, तेही बरोबर, कारण रस्त्याशिवाय ना रुग्णवाहिका येते ना विजेचे खांब. पण घरांवर पडलेल्या झाडांपर्यंत पोचणार कोण? त्यात कोरोनाची टाळेबंदी, बाहेरून माणूस येईना. कटरवाल्यांनी मागतील तो दर लावला आणि लोकांनी दिला, कारण वर आभाळ भरलेलं आणि घरात म्हातारी माणसं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्या छपरात झाड तसंच आणि पाऊस आत. कौलं गेली ते परवडलं, मातीच्या भिंती भिजल्या की घरच जातं.

पंचनाम्यातही हीच अडचण. अंशतः पडझड धरायला किमान १५ टक्के नुकसान लागतं, आणि ते ठरतं नजरेने. आढं मोडलं की सगळं छप्पर उतरवावं लागतं, पण बघणाऱ्याला दिसतं फक्त मधलं भगदाड. त्यात लोक घाईने झाड काढून मोकळे होतात आणि तलाठी येईपर्यंत पुरावाच राहत नाही. म्हणून कापायच्या आधी चारही बाजूंनी आणि घरातून वर बघून फोटो काढा. मोडलेले वासे जाळू नका. घराचा विमा असेल तर तोच फोटो तिथेही लागतो. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळही येतं आणि घरावर झाड पडून झालेलं नुकसानही येतं. गावाकडच्या घराचा विमा कोणी काढत नाही, पण मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी तरी गावच्या घरासाठी चौकशी करावी.

विजेचं मात्र कृपा करून मनावर घ्या. झाडात तार अडकली असेल तर फांदीलासुद्धा हात लावायचा नाही, ओल्या लाकडातून करंट येतो. सगळ्या गावाची लाइट गेलीय म्हणून तार मेलीय असं समजू नका, कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा येऊ शकतो. महावितरणच्या वायरमनने लाइन बंद असल्याचं स्वतः सांगितल्याशिवाय सुरुवात नाही. आणि कौलांवर चढून कापायचं नाही, कितीही घाई असली तरी.

पावसाआधी काय करता येईल, हेही आलंच. खोडकिडा लागलेला आंबा, बांडगुळाने लदलेली फांदी, एकाच बाजूला झुकलेला फणस, सोंड्या भुंगा लागलेला माड, हे गावात सगळ्यांना दिसत असतं. पण झाड सामाईक असतं. सातबाऱ्यावर दहा-बारा नावं, निम्मी मुंबईत, दोघांचं बोलणं बंद. आंबा-फणस १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत असल्यामुळे उभं झाड तोडायला परवानगी लागते, आणि अर्जावर सही करायला कोणी तयार नाही. मग झाड राहतं आणि खाली राहणाराच एकटा भोगतो. गावाबाहेरच्या हिस्सेदारांनो, गणपतीला येता तेव्हा आरतीनंतर दहा मिनिटं बसून हा विषय संपवा. आणि धोका नाही ती झाडं ठेवा. निसर्गनंतर भीतीपोटी लोकांनी धडधाकट आंबे तोडले, याचं मला अजून वाईट वाटतं. वाऱ्यापासून घराला आडोसा त्याच झाडांचा होता.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून वर गुजरातला गेलं, तेव्हा पुन्हा तीच धावपळ, तेच कटरवाले, तोच दर. म्हणजे वर्षभरात आपण काहीच उभं केलं नव्हतं.

मला हवंय ते एवढंच. प्रत्येक ग्रामपंचायतीत पाच-सहा जणांचं पथक, ज्यांना जुन्या लाकूडवाल्यांकडून नीट शिकवलंय. पंचायतीच्या मालकीचा एक चांगला कटर, जादा साखळ्या, दोन जाड दोर, चेनपुली, हेल्मेट, टेकूच्या बल्ल्या आणि मोठ्या ताडपत्र्या. पथकातल्या माणसांचा अपघात विमा. दर ग्रामसभेत ठरलेला आणि फलकावर लावलेला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पथक आधी जाईल हे लेखी. आमच्या १ मेच्या ग्रामसभेसाठी मी हा अर्ज दिलाय. मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, पाठवतो. आणि तुमच्या तालुक्यात झाड उतरवणारी जाणती माणसं असतील तर तेही सांगा, पोरांना त्यांच्याकडे शिकायला पाठवायचंय.