‘जमैकावर अजून लंडनचा गव्हर्नर राज्य करतो’: या मेसेजला एकेका मुद्द्याने उत्तर

हा मेसेज मला तीन ग्रुपवरून आला, पाठवणारे सगळे शिकलेले लोक, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जमैका, ग्रेनाडा, बहामास हे कॅरिबियन देश नावालाच स्वतंत्र आहेत, तिथे इंग्लंडच्या राजाचा गव्हर्नर जनरल बसतो, त्याला लंडनहून पाठवतात, पगार लंडन देतं, त्याच्या सहीशिवाय कायदा होत नाही, मनात आलं तर तो सरकार घरी पाठवतो, आणि एका सहीत हे सगळं संपवता येत असूनही तिथले लोक संपवत नाहीत कारण गुलामी त्यांच्या रक्तात आहे.

ते शेवटचं वाक्य वाचून मला खरंच राग आला, त्यावर पुढे येतोच.

आधी ‘लंडनहून पाठवतात’ हे घ्या. १९६२ पर्यंत पाठवत होते. ६ ऑगस्ट १९६२ ला जमैका स्वतंत्र झाला, शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर केनेथ ब्लॅकबर्न काही महिने गव्हर्नर जनरल म्हणून थांबले, आणि त्याच डिसेंबरात क्लिफर्ड कॅम्पबेल आले. हे मूळचे शाळामास्तर, मग राजकारणात गेले, सिनेटचे अध्यक्ष झाले. त्यांच्यानंतर ग्लासपोल, कुक, हॉल, आणि २००९ मध्ये पॅट्रिक अॅलन, जे आधी चर्चचे पास्टर होते, सगळे जमैकाचेच. नाव ठरवतो जमैकाचा पंतप्रधान, राजा त्या नावावर सही करतो, बस. यात लंडनच्या सरकारला विचारतही नाहीत. ब्रिटिश सरकारचा जमैकातला माणूस वेगळाच असतो, त्याला हाय कमिशनर म्हणतात, जसा दिल्लीतही आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ही दोन पदं एकच समजून घेतलीयेत आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झालाय.

उलट खरी तक्रार करायचीच असेल तर ही करा की पंतप्रधान आपल्याच पक्षाचा माणूस तिथे बसवतो. फ्लोरिझेल ग्लासपोल हे पीएनपी या पक्षाचे मंत्री होते, १९७३ मध्ये त्याच पक्षाचे पंतप्रधान मायकेल मॅनली यांनी त्यांना गव्हर्नर जनरल केलं. पण गंमत बघा, १९८० मध्ये विरोधी पक्ष जेएलपी जिंकला, एडवर्ड सिआगा पंतप्रधान झाले, आणि ग्लासपोल तिथेच राहिले, थेट १९९१ पर्यंत. जुन्या पीएनपी मंत्र्याच्या सहीने जेएलपीचं सरकार आठ-नऊ वर्षं चाललं. आपल्याकडे सरकार बदललं की राज्यपालांचं काय होतं ते आठवा.

पगाराचं एका ओळीत संपतं. तो जमैकाच्या तिजोरीतून जातो, ब्रिटन काही देत नाही.

‘सहीशिवाय कायदा होत नाही’ हे अक्षरशः बरोबर आहे, तसं तर राष्ट्रपतींच्या सहीशिवाय आपलाही कायदा होत नाही. प्रश्न सही कोणाच्या सल्ल्याने होते हा आहे, आणि तिथे ती जमैकाच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते. शिवाय १९६२ च्या स्वातंत्र्याच्या कायद्यातच लिहिलंय की यापुढे ब्रिटिश पार्लमेंटचा कुठलाही नवा कायदा जमैकाला लागू होणार नाही.

अधिकार असलेला गव्हर्नर कसा असतो ते जमैकाच्या लोकांनी बघितलंय हो. १८६५ च्या ऑक्टोबरात मोरँट बे इथे पॉल बोगलच्या मागे गरीब शेतकरी कोर्टावर चालून गेले, जमीन नाही, न्याय नाही म्हणून. गव्हर्नर एडवर्ड आयरने मार्शल लॉ लावला, ४०० च्या वर माणसं मारली, शेकडोंना चाबकाने फोडलं, घरं जाळली, बोगलला फासावर दिलं आणि जॉर्ज विल्यम गॉर्डन नावाच्या तिथल्या असेंब्लीच्या सदस्यालाही लटकवलं. नंतर ती जुनी असेंब्लीच गेली आणि बेटाचा कारभार सरळ लंडनच्या हातात आला. बोगल आणि गॉर्डन दोघंही आज जमैकाचे राष्ट्रीय वीर आहेत. त्या लोकांना ‘गुलामी रक्तात आहे’ म्हणायचं? आयर आणि पॅट्रिक अॅलन यांना एकाच मापाने मोजायचं? हे निव्वळ चुकीचं नाहीये, हे अन्यायाचं आहे.

आता ‘सरकार घरी पाठवतो’. जमैकाच्या घटनेत गव्हर्नर जनरलने पंतप्रधान म्हणून अशा खासदाराला नेमायचं असतं ज्याच्या मागे सभागृहाचं बहुमत आहे असं त्याला वाटतं. निकाल स्पष्ट असेल तेव्हा यात ठरवण्यासारखं काही नसतं, त्रिशंकू सभागृह आलं तर मात्र त्याच्या मताला वजन येतं. सिनेटमध्ये २१ जण असतात, तेही तोच नेमतो, पण १३ पंतप्रधान सांगेल ते आणि ८ विरोधी पक्षनेता सांगेल ते.

पण मी प्रामाणिकपणे लिहायचं म्हटलंय तर हेही सांगतो की हे पद नुसतं रबर स्टॅम्प आहे असं म्हणणारेही चुकतात, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण ग्रेनाडा आहे. १९७९ च्या मार्चमध्ये मॉरिस बिशपच्या न्यू ज्यूएल मूव्हमेंटने एरिक गेरीचं सरकार उलथवलं, राज्यघटना गुंडाळून ठेवली, पण राणी आणि तिचे प्रतिनिधी पॉल स्कून यांना मात्र तसंच ठेवलं. क्यूबाशी दोस्ती असलेलं क्रांतिकारी सरकार आणि वर राणीचा गव्हर्नर जनरल, साडेचार वर्षं हे असंच चाललं. मग १९ ऑक्टोबर १९८३ ला बिशपलाच त्याच्याच पक्षातल्या दुसऱ्या गटाने गोळ्या घातल्या, सरकार उरलं नाही, सैन्याने कर्फ्यू लावला, आणि देशात कायदेशीर म्हणावं असं एकच पद शिल्लक राहिलं ते स्कून यांचं. २५ ऑक्टोबरला अमेरिकेचं सैन्य उतरलं, स्कून आपल्या बंगल्यात अडकलेले, त्यांना सोडवायला गेलेले अमेरिकेचे कमांडो, नेव्ही सील्स, तेही तिथेच अडकले, दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर निघाले. स्कून यांनी मदत मागणारं पत्र दिलं होतं, त्यावर तारीख २४ ऑक्टोबरची आहे, पण ते खरंच हल्ल्याआधी लिहिलं की नंतर सही घेतली यावर तेव्हापासून वाद आहे, आणि तो वाद योग्यच आहे कारण कारवाईच्या कायदेशीर बाजूचा एक मोठा आधार तो कागद होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी त्या हल्ल्याचा निषेध केला.

पण आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं काय, तर लंडन यात कुठेच नव्हतं. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री जेफ्री हाउ हे आदल्या दिवशी संसदेत सांगत होते की अमेरिका उतरणार असं मानायला कारण नाही. पंतप्रधान मार्गारेट थॅचर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर भडकल्या होत्या, कारण जिथली राष्ट्रप्रमुख त्यांचीच राणी आहे त्या देशावर मित्राने न विचारता सैन्य उतरवलं होतं. म्हणजे कॅरिबियनमधल्या एका गव्हर्नर जनरलने जेव्हा खरोखर सत्ता हातात घेतली तेव्हा लंडन अंधारात होतं आणि वजन वॉशिंग्टनचं होतं. मेसेजवाले साप सोडून भुई धोपटतायत. पुढे स्कून यांनी निकोलस ब्रॅथवेट यांच्या अध्यक्षतेखाली एक सल्लागार मंडळ नेमलं, त्याच्यामार्फत देश चालवला आणि डिसेंबर १९८४ मध्ये निवडणूक होऊन हर्बर्ट ब्लेझ पंतप्रधान झाले. निवडून न आलेला एक माणूस वर्षभर देशाच्या माथ्यावर होता, हे मला आजही अस्वस्थ करतं. त्याने सत्ता परत दिली म्हणून निभावलं, पण तो कोणाला जबाबदार होता?

मग ‘एका सहीत संपवा ना’. बार्बाडोसने संपवलं, ३० नोव्हेंबर २०२१ ला, शेवटच्या गव्हर्नर जनरल सँड्रा मेसन याच पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, कारण तिथे संसदेचं दोन तृतीयांश बहुमत पुरतं आणि पंतप्रधान मिया मॉटली यांच्याकडे ते भरभक्कम होतं. जमैकात हे कलम घटनेत खोल पुरलेलं आहे, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि वर जनतेचं सार्वमत लागतं. मघाचा सिनेटचा आकडा आठवा, २१ पैकी १४ हवीत आणि सरकारकडे १३ आहेत, म्हणजे या वाटेने जायचं तर विरोधकांपैकी निदान एक जण तुमच्या बाजूला यायलाच हवा. आणि सार्वमत म्हणजे काही हमी नव्हे. सेंट व्हिन्सेंट या दुसऱ्या कॅरिबियन देशात २००९ ला घेतलं, लोकांनी नाही म्हटलं. तिथे राणीबरोबर अख्ख्या नव्या घटनेवर एकच प्रश्न विचारला होता आणि अनेकांसाठी ते सत्तेतल्या सरकारवरचं मतदान झालं. यातून ‘गुलामी’ कशी सिद्ध होते ते मला कोणी सांगावं.

आणि आपण तरी काय केलं होतं? १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० आपल्याकडेही गव्हर्नर जनरल होते, आधी माउंटबॅटन, मग राजगोपालाचारी. राजाजींची नेमणूक सहाव्या जॉर्जने केली, नेहरूंच्या सल्ल्याने, अगदी जमैकासारखीच. त्याच काळात बाबासाहेब घटनेचा मसुदा लिहीत होते. ती अडीच वर्षं आपण गुलाम होतो असं कोणी म्हणेल का?

याचा अर्थ सगळं छान चाललंय असा नाही, जमैकाच्या लोकांना हे टोचतं आणि टोचायलाच हवं. गव्हर्नर जनरलना सेंट मायकेल अँड सेंट जॉर्ज या ब्रिटिश सन्मानाचा जो बिल्ला मिळतो त्यावर गोरा देवदूत काळ्या सैतानाला पायाखाली दाबून उभा आहे. ज्यांच्या पूर्वजांना जहाजात कोंबून आणलं त्यांच्या देशाच्या प्रमुख माणसाच्या छातीवर हे चित्र. २०२० मध्ये लोक बोलायला लागल्यावर अॅलन यांनी तो बिल्ला वापरणं थांबवलं. शिवाय २००३ पासून जमैकाच्या माणसाला ब्रिटनला जायचं तर व्हिसा लागतो, म्हणजे स्वतःच्या राष्ट्रप्रमुखाच्या देशात शिरायला परवानगी मागायची. मार्च २०२२ मध्ये विल्यम आणि केट गेले तेव्हा पंतप्रधान होलनेस यांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं की आम्ही पुढे निघालोय.

लंडनचा खरा धागा मेसेजमध्ये आलाच नाही, तो आहे प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे लंडनमधल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाचा. हो, तेच, जिथे टिळकांची ताई महाराज केस गेली होती. आपण १९४९ मध्ये ते अपील बंद केलं, जमैकाचं शेवटचं अपील अजून तिथेच जातं. १९९३ मध्ये प्रॅट आणि मॉर्गन या दोन जमैकन कैद्यांच्या केसमध्ये त्या कोर्टाने ठरवलं की फाशीची शिक्षा झालेल्याला पाच वर्षांहून जास्त टांगणीवर ठेवणं अमानुष आहे. असा निकाल लंडनने द्यावा का यावर जमैकात आजही दोन मतं आहेत, काहींना तो ढवळाढवळ वाटतो, काहींना आपल्या राजकारण्यांपेक्षा लांबचं कोर्ट बरं वाटतं. डिसेंबर २०२४ मध्ये प्रजासत्ताकाचं विधेयक मांडलं तेव्हा गाडी इथेच अडली, विरोधी पीएनपीचं म्हणणं राजा आणि प्रिव्ही कौन्सिल दोन्ही एकदमच सोडा, सरकारचं म्हणणं टप्प्याटप्प्याने जाऊ. आणि त्रिनिदाद बघा, १९७६ पासून प्रजासत्ताक आहे, गव्हर्नर जनरल जाऊन राष्ट्राध्यक्ष आले, कॅरिबियन देशांचं स्वतःचं कोर्ट, कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिस, याची इमारत त्यांच्याच राजधानीत पोर्ट ऑफ स्पेनला उभी आहे, तरी त्यांचं शेवटचं अपील अजून लंडनलाच जातं.