'जुनं विमान होतं म्हणून पडलं': मुक्तिनाथच्या फॉरवर्डला उत्तर

मुक्तिनाथ यात्रेचं बुकिंग सुरू झालं की मुंबई-ठाण्याच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो: 'नेपाळात २०२२ साली पडलेलं विमान ४३ वर्षांचं भंगार होतं, हवेतच इंजिन बंद पडलं. उपग्रह असूनही दुसऱ्या दिवशी सापडलं, म्हणजे काहीतरी लपवलं. नवं विमान असेल तरच बसा.' तारा एअरच्या विमानाच्या २९ मे २०२२ च्या त्या अपघातात २२ जण गेले, त्यांत ठाण्यातल्या एका कुटुंबातलेही होते. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

विमान १९७९ चं होतं, हे खरं. पण विमानाचं वय उड्डाणतासांत आणि उड्डाणांच्या संख्येत मोजतात. इंजिन ठरलेल्या तासांनंतर उतरवून ओव्हरहॉल होतं (पूर्ण उघडून दुरुस्त होतं), प्रोपेलर वेगळे तपासले जातात. आणि २४ फेब्रुवारी २०१६ ला याच कंपनीचं, याच पोखरा-जोमसोम मार्गावर (जोमसोम म्हणजे मुक्तिनाथजवळचा विमानतळ) पडलेलं विमान, तेही ट्विन ऑटर याच जातीचं छोटं विमान, जेमतेम काही महिन्यांचं होतं. त्यात २३ जण गेले. 'नवं असेल तरच बसा' हा सल्ला तिथेच कोसळतो.

इंजिनाचं म्हणाल तर, चौकशी अहवालाने २०२२ च्या अपघाताचं कारण वेगळंच दिलं आहे. वैमानिक नकळत ढगात शिरले, मार्गावर लक्ष राहिलं नाही आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती. चालू विमान डोंगरावर आदळलं.

इशारा बंद ठेवतात कशाला? हा मार्ग धौलागिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) यांच्यामधल्या काली गंडकीच्या दरीतून जातो. ट्विन ऑटरच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसते, त्यामुळे प्रवासी घेऊन शिखरांच्या वरून जाता येत नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, म्हणून स्वच्छ हवेतही ती यंत्रणा सारखी ओरडते आणि कॉकपिटमध्ये ती बंद ठेवायची सवय लागते. मग ढगात शिरल्यावर सावध करणारं काहीच उरत नाही. यावर उपाय एकच: जमीन दिसतेय आणि वळायला दरी पुरेशी रुंद आहे तोवरच माघारी फिरायचं. अरुंद भागात शिरल्यावर तो मार्गही बंद होतो.

आता 'लपवलं'. उपग्रह चोवीस तास विमान पाहत बसत नाही, आणि ढगाखालचं त्याच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याला ऐकू येतो तो विमानातल्या आपत्कालीन ट्रान्समीटरचा ४०६ मेगाहर्ट्झवरचा संदेश. आघातात त्याचा अँटेना तुटला किंवा केबल निसटली, तर ट्रान्समीटर चालू असूनही संदेश बाहेर पडत नाही. जुने, फक्त १२१.५ मेगाहर्ट्झचे ट्रान्समीटर तर फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ऐकतच नाहीत. त्या दिवशी वैमानिकाच्या मोबाइलच्या लोकेशनवरून शोधाची दिशा मिळाली, पण ढग आणि अंधारामुळे हेलिकॉप्टरं थांबवावी लागली. अवशेष साधारण १४,५०० फुटांवर होते.

जाणार असाल तर विमानाचं वय विचारण्यापेक्षा वेळापत्रक सैल ठेवा. जोमसोमला दुपारकडे वारा जोर धरतो, म्हणून सकाळचं पहिलं उड्डाण घ्या. पोखऱ्यात एक दिवस मोकळा ठेवा आणि परतीचं काठमांडू-मुंबई तिकीट त्याला लागूनच काढू नका. उड्डाण रद्द झालं तर काउंटरवर हुज्जत न घालता जीप करा, जोमसोमपर्यंत रस्ता आहे.