'साला' सहा वेळा

टीव्हीवरच्या कॉमेडीतली घाण साफ करायला निघालेल्या मोहिमांची बाजू घेणारा एक मजकूर गेले काही दिवस या ना त्या रूपात माझ्याकडे येतोय. पाठवणारे वेगळे, शब्द थोडे इकडचे तिकडे, मुद्दे मात्र तेच. हजारो लोक तक्रार करतात म्हणजे प्रेक्षक खरंच दुखावलेत. पूर्वीची कॉमेडी निर्मळ होती, आता बिघडली. जाहिरातदाराला पत्र लिहिणं हा ग्राहकाचा हक्क आहे, त्याला सेन्सॉरशिप म्हणू नका. आणि शेवटी हुकमाचा एक्का: मुलांचा विचार करा. पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसंही आहेत, त्यामुळे नुसता अंगठा दाखवून सुटका नाही. तेव्हा एकदाच सविस्तर.

आधी 'हजारो तक्रारी' घेऊ, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. अमेरिकेत प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या एफसीसी या सरकारी आयोगाकडे २००० आणि २००१ साली अश्लीलतेच्या तक्रारी वर्षाला साडेतीनशेच्या आत होत्या. २००२ मध्ये त्या साधारण १४,००० झाल्या आणि २००३ मध्ये २,४०,००० च्या वर गेल्या. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष मायकेल पॉवेल हे आकडे जाहीरपणे सांगत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की देश पेटून उठलाय. मग २००४ च्या अखेरीला आयोगाचाच अंदाज बाहेर आला: २००३ च्या तक्रारींपैकी ९९.८ टक्के एकाच संघटनेकडून आल्या होत्या. ती म्हणजे पॅरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल, ब्रेंट बोझेल यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेली. म्हणजे लाटबिट काही नव्हती, एक नळ होता आणि तो कुणीतरी सोडला होता.

संघटित होऊन तक्रार करण्यात गैर काहीच नाही. कामगार करतात, रहिवासी करतात. फक्त त्या आकड्याला 'प्रेक्षकांचा संताप' म्हणू नये. तो सभासदांच्या यादीचा आकार आहे. तयार मजकूर समोर येतो, खाली नाव भरायचं, बटण दाबायचं. कार्यक्रम पाहिला का, हे त्या बटणाला कळत नाही.

'मॅरीड बाय अमेरिका' या फॉक्सच्या कार्यक्रमाचं प्रकरण तर मजेदार आहे. ती कॉमेडी नव्हती, रिॲलिटी शो होता, पण तक्रारीच्या कारखान्याची आतली बाजू इतकी स्वच्छ क्वचितच दिसते. आयोगाने १५९ तक्रारींचा हवाला देऊन फॉक्सच्या १६९ केंद्रांना मिळून जवळपास १२ लाख डॉलरचा दंड लावला. एका पत्रकाराने माहितीच्या अधिकारात त्या तक्रारी मागवल्या, तर निघाल्या ९०, त्याही २३ जणांनी लिहिलेल्या, आणि जवळपास सगळ्यांचा मजकूर एकच. स्वतःच्या शब्दांत लिहिणारी माणसं भरली तीन. पुढे २००८ मध्ये तो दंड उतरत उतरत ९१,००० डॉलरवर आला.

आणि न पाहता केलेल्या तक्रारींचा मान 'सोप' या मालिकेला द्यावा लागेल. एबीसी वाहिनीवर ती १९७७ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. त्या आधीच्या उन्हाळ्यात एका मोठ्या साप्ताहिकात छापून आलं की यात चर्चमध्येच पाद्र्याला भुलवण्याचा प्रसंग आहे. तसा प्रसंग मालिकेत नव्हता. तरी वाहिनीकडे ३२,००० पत्रं आली. पहिला भाग लागायच्या आधी! काही जाहिरातदार पळाले, काही केंद्रांनी मालिका दाखवायला नकार दिला. ती पुढे चार सीझन चालली. नसलेल्या प्रसंगाने दुखावलेल्या भावना कुठल्या खात्यात जमा करायच्या, ते मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी सांगावं.

हा रोग फक्त पत्र लिहिणाऱ्यांनाच होतो असंही नाही. ब्रिटनमध्ये २००१ च्या जुलैत चॅनल फोरवर 'ब्रास आय'चा विशेष भाग लागला. मुलांवरच्या अत्याचाराच्या बातम्या देताना माध्यमं जो थयथयाट करतात, त्यावरचं ते विडंबन होतं. बेव्हर्ली ह्यूज या मंत्रीणबाईंनी त्याची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली, आणि मग आपण तो पाहिलेला नाही हेही मान्य केलं.

आता दुसरा मुद्दा, 'पूर्वीची कॉमेडी निर्मळ होती'. इथे मला थोडं रेंगाळायचंय.

निर्मळ म्हणजे काय, तर शब्द निर्मळ. 'आय लव्ह लूसी'ची नायिका १९५२ मध्ये गरोदर राहिली, पण 'गरोदर' हा शब्द काही तिच्या वाट्याला आला नाही. संहिता पाद्री आणि ज्यू धर्मगुरूंच्या नजरेखालून जात. बरं, त्याने कुणाचं बिघडलं नाही, मालिका उत्तमच होती. पण त्याच दृष्टीने बीबीसीचा 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' बघा. गोरे गायक तोंडाला काळं फासून गाणी म्हणायचे. एक वावगा शब्द नाही, कपडे अंगभर, आजी-आजोबांसकट घर समोर बसलेलं. १९६७ मध्ये वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्यांनी तो बंद करा म्हणून अर्ज दिला. कार्यक्रम १९५८ ला सुरू झाला होता, तो १९७८ पर्यंत चालला.

अर्ज वाऱ्यावर गेला त्याच दशकात श्रॉपशरमधल्या शिक्षिका मेरी व्हाइटहाउस यांनी 'क्लीन अप टीव्ही' मोहीम काढली. १९६४ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅम टाउन हॉलमध्ये सभा झाली आणि पुढच्या वर्षी त्यातून संघटना उभी राहिली. बाई चिकाटीच्या होत्या, यात वाद नाही. बीबीसीचे महासंचालक ह्यू कार्लटन ग्रीन त्यांना भेटायलाही तयार नव्हते, आणि तो उद्दामपणा होता असंच माझं मत आहे. 'टिल डेथ अस डू पार्ट'चे लेखक जॉनी स्पाइट यांनी एका मुलाखतीत या मंडळींना फॅसिस्ट ठरवलं, तेव्हा बाईंनी खटला भरला, १९६७ मध्ये जिंकला, आणि बीबीसीला माफी मागून भरपाई द्यावी लागली. बरोबरच झालं. राखणदारांना शिवी दिली की आपलं उत्तर आपोआप दुबळं होतं.

पण त्यांचं लक्ष कुठे होतं? स्पाइट यांच्या मालिकेतला आल्फ गार्नेट हा तोंडाळ, काळ्यांचा द्वेष करणारा म्हातारा. बाईंना खुपायची त्याची शिवराळ भाषा. शिव्या मोजता येतात. द्वेष मोजायला वाक्य पूर्ण ऐकावं लागतं, आणि प्रेक्षक कुणाला हसतोय तेही बघावं लागतं.

याच मालिकेवरून नॉर्मन लिअर यांनी अमेरिकेत 'ऑल इन द फॅमिली' काढली. १२ जानेवारी १९७१ च्या रात्री सीबीएसने आधी पडद्यावर खुलासा दाखवला आणि संतापलेल्यांचे फोन घ्यायला जास्तीची माणसं बसवून ठेवली. फोन फारसे आलेच नाहीत. सलग पाच वर्षं ती मालिका देशात पहिली होती. पण माझ्या बाजूच्या लोकांना अडचणीत आणणारी गोष्ट यानंतरची आहे. १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी तिच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात पूर्वग्रह कमी होते त्यांना आर्ची बंकरची, म्हणजे आल्फच्या या अमेरिकन अवताराची, फजिती दिसत होती. ज्यांच्या मनात जास्त होते त्यांना आर्चीच शहाणा वाटत होता आणि वादात तोच जिंकतोय असं दिसत होतं. म्हणजे 'हे तर विडंबन आहे' एवढं म्हणून लेखकाला हात झटकता येत नाहीत. कॉमेडीवर घेण्यासारखा हा खरा आक्षेप. फिरणाऱ्या त्या मजकुरात त्याचा मागमूस नाही, कारण तो मांडायला मालिका पाहावी लागते.

मोजणं आणि पाहणं यातला फरक मला एका मेलने शिकवला. मी काही काळ स्किट लिहायचो. एका स्किटमध्ये बाप मुलाला चांगल्या भाषेचे धडे देतोय, आणि 'साला' म्हटल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नाही. 'तोंड सांभाळून बोलावं, साला, माणसाने.' मुलगा शेवटपर्यंत गप्प. वाहिनीच्या एस अँड पी विभागाकडून, म्हणजे काय दाखवायचं नि काय नाही हे तपासणाऱ्यांकडून, उत्तर आलं: 'साला' सहा वेळा आहे, एकदा चालेल. तक्रार कुणाची आली होती? कुणाचीच नाही. येईल अशी धास्ती होती, कारण दुसऱ्या एका कार्यक्रमावर नुकतीच मोहीम झाली होती. मी पाच काढले. राहिला एक प्रामाणिक बाप, जो मुलाला चांगलं बोलायला शिकवतो. तालमीत कुणी हसलं नाही. नटाने विचारलं, 'यात गंमत काय आहे?' आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच भागात दुसऱ्या कुणाचं एक स्किट होतं. लठ्ठ बाई येते, खुर्चीवर बसते, खुर्ची मोडते. दुसरी आणतात, तीही मोडते. तिसरीच्या वेळी सगळे खुर्च्या लपवून पळतात. त्यात आक्षेप घ्यावा असा एकही शब्द नव्हता, शब्दच मुळात कमी होते. एकही शेरा न येता ते पास झालं. ते काम करणारी नटी तालमीनंतर कुठेही बसताना आधी खुर्चीला हात लावून बघायची, ते मला दिसत होतं. माझं 'साला' वाचवायच्या नादात मीही त्यावर काही बोललो नाही.

जाहिरातदारांचा मुद्दा त्या मानाने सोपा. हो, ग्राहकाचा हक्क आहे. १९८९ मध्ये मिशिगनमधल्या टेरी राकोल्टा यांनी 'मॅरीड... विथ चिल्ड्रन'चा एक भाग मुलांसोबत बघितला, हादरल्या, आणि जाहिरातदारांना पत्रं लिहिली. काही मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर गेली. मग ज्यांनी मालिकेचं नावही ऐकलं नव्हतं तेही बघायला लागले आणि ती १९९७ पर्यंत चालली. निर्मात्यांनी बाईंना आभारादाखल फळांची परडी पाठवल्याचा किस्सा सांगितला जातो. 'मोहिमांमुळे टीव्ही सुधारला' म्हणणाऱ्यांनी ही परडी ध्यानात ठेवावी.

पण त्याच वर्षी फॉक्सने या मालिकेचा एक तयार भाग दडपला, तो अमेरिकेत थेट २००२ मध्ये दिसला. कुठल्या न्यायालयाने बंदी घातली नव्हती, कुणाची सही नव्हती. सेन्सॉर बोर्डाविरुद्ध निदान अपील तरी करता येतं. जाहिरात खात्याच्या धास्तीविरुद्ध अपील कुठे करायचं? हक्क ग्राहकाचा आहेच. फक्त तो वापरला की काय होतं, हे बघायचं नाही असं का?

आणि मुलं. संध्याकाळी घरात टीव्ही लागलेला असताना मुलांसमोर काय येतं याची काळजी आई-बापांना वाटणारच. राकोल्टाबाईंचा तेवढा मुद्दा मला पटतो. त्यासाठी वेळेचे नियम आहेत: ब्रिटनमध्ये रात्री नऊची सीमा, अमेरिकेत प्रसारण वाहिन्यांवर सकाळी सहा ते रात्री दहा अश्लीलतेला मनाई, १९९७ पासून वयानुसार शिक्के. हे नियम पाळा म्हणून भांडा, मी सोबत येतो. मात्र अमेरिकेत १९७५ मध्ये संध्याकाळचा पहिला तास 'कुटुंबाचा' ठरवला, तेव्हा जी मालिका अख्खा देश घरच्यांबरोबर बघत होता ती 'ऑल इन द फॅमिली'च त्या तासातून उठवून नऊला नेली. नावात फॅमिली असूनही! दुसऱ्याच वर्षी, सरकारी दडपणाखाली केलेली ही सोय घटनेत बसत नाही, असा निकाल न्यायालयाने दिला.

एक उदाहरण मात्र असं आहे की तिथे तक्रार करणारेच बरोबर होते. ते रेडिओचं आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये बीबीसीवर रसेल ब्रँड आणि जोनाथन रॉस यांनी ज्येष्ठ नट अँड्र्यू सॅक्स यांच्या फोनवर त्यांच्या नातीबद्दल गलिच्छ निरोप ठेवले आणि ते प्रसारितही झाले. दोन खरी माणसं, नावानिशी, त्यांची संमती न घेता. पुढे बीबीसीला दीड लाख पौंडांचा दंड झाला, तो योग्यच होता. प्रसारणानंतर सुरुवातीला तक्रारी किती आल्या होत्या? दोन. आठवड्याभराने वर्तमानपत्राने बातमी लावली तेव्हा त्यांचे हजारो झाले. प्रकार दोन तक्रारी होत्या तेव्हाही तेवढाच वाईट होता.

माझं बापाचं स्किट संकलनात गेलं, वेळेत बसत नव्हतं म्हणाले. खुर्चीचं अजून यूट्यूबवर आहे. परवा बघितलं, तर खाली कुणीतरी लिहिलंय: 'स्वच्छ कॉमेडी. सहकुटुंब पाहावी.'