‘नाही’वर टिक कशी करावी

परवाच्या प्रशिक्षणात एक छापील फॉर्म वाटला. ‘तुमच्या नवजात कक्षात भेदभाव होतो का?’ चहा यायच्या आत सगळे फॉर्म परत आले आणि सगळ्यांवर टिक ‘नाही’वर. इतकी एकी ग्रामपंचायतीच्या बिनविरोध निवडणुकीतही दिसत नाही. एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, नव्याने रुजू होणाऱ्यांनाही हे जमावं, म्हणून काही युक्त्या.

भेदभाव नातेवाईक करतात. आपण करतो तो ‘प्रॅक्टिकल विचार’. हे आधी पाठ करा.

आवाजाची पट्टी आडनाव ऐकून मगच ठरवा.

वॉर्मर (बाळाला ऊब देणारे पाळणे) कमी पडले की एकावर दोन बाळं ठेवावी लागतातच. त्या दोघांत ‘साहेबांच्या ओळखीचं’ बाळ कधीच नसतं, हा योगायोग समजा.

कावीळ नजरेनेच ओळखा. सावळ्या कातडीवर पिवळेपणा उशिरा दिसतो, कपाळ बोटाने दाबून पाहिलं तरी फसगत होते, काविळीच्या उपचाराला निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळाचा रंग तर कोणालाच कळत नाही. म्हणून काय दर वेळी बिलिरुबिन, म्हणजे काविळीची रक्ततपासणी, पाठवायचं? गोऱ्या बाळाची आई ‘पिवळं दिसतंय’ म्हणाली तर पाठवा, काळ्या बाळाची म्हणाली तर ‘रंगच तसा आहे’ सांगा. गडद कातडीवर ऑक्सिमीटरही आकडा थोडा चढवून दाखवू शकतो. ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाला 90 ते 95 हवं असतं, 91 दिसलं की निर्धास्त व्हा.

मुलीला घरी न्यायचं म्हणाले की डामाचा, म्हणजे ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय’ असा, कागद पुढे सरकवा. मुलाच्या बापाला अर्धा तास समजवायचं, वर डॉक्टरांना बोलवायचं. तिसऱ्या मुलीच्या बापाला पेन द्यायचं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून आजारी बाळाची औषधं, तपासण्या, रक्त, ने-आण मोफत आहे, हे सही होईपर्यंत बोलू नका. कोणी विचारलंच तर ‘मुलगे मुळात नाजूक, म्हणून जास्त दाखल होतात’ हे शास्त्र सांगा. शास्त्र खरंच आहे. फक्त त्याने दाखल रजिस्टर समजतं, डामाचं नाही.

आता सगळ्यात हुकमी युक्ती. पाड्यावरून आलेली आई दिसली की मनात म्हणा, ‘हिला काय कळतंय!’ बाळ इकडे, ती दुसऱ्या मजल्यावर प्रसूतिपश्चात वॉर्डात. दूध पहिल्या काही तासांतच काढायला लागायचं, मग दिवसरात्र मिळून आठ वेळा, रात्रीची वेळ चुकवायची नाही. अंगठा आणि बोटं स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला, आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे, वाटी उकळून घेतलेली. हे तिला कोणीही सांगू नका. मराठी कळणारी सासू दाराबाहेर बसलेली असते, तिलाही आत बोलवू नका. 1400 ग्रॅमच्या, तब्येत स्थिर असलेल्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी नऊएक मिली लागतं, म्हणजे दोन छोटे चमचे. तेवढं त्या माउलीकडे होतं. तिसऱ्या दिवशी छाती दगड झालेली असते आणि काढायला गेलं तर थेंब नसतो. मग पावडरचा डबा उघडा आणि केस पेपरवर लिहा: ‘आई सहकार्य करत नाही.’ पुढच्या पाळीची सिस्टर ते वाचून कांगारूसाठी, म्हणजे बाळ उघड्या छातीशी धरायला, तिला बोलावतच नाही. वजन वाढत नाही. मग लिहा, ‘आई बेफिकीर.’

बेफिकीर कोण? तिला काही न सांगता तिच्याबद्दल शेरा मारायचा, आणि उद्या तोच शेरा पुरावा म्हणून दाखवायचा? दिवसाला आठ तास छातीशी धरलेलं बाळ तगतं हे आपण भिंतीवर रंगवून ठेवलंय, आणि तिला खुर्चीसुद्धा दिली नाही!

सिस्टर कमी, बाळं जास्त, रात्रपाळीला कोणी नाही, सगळं मान्य. दमल्यावर काही ना काही गळणारच. पण दर वेळी तीच माणसं कशी गळतात? ओळखीच्या बाळाचं एक फीड तरी कधी चुकलंय का?

फॉर्म पुरे झाले. डामाचं रजिस्टर काढा, मुलगे-मुली वेगळे मोजा. पहिलं काढलेलं दूध किती वाजता आलं ते प्रत्येक केस पेपरवर लिहा, गावाच्या नावासकट. आणि ‘आई सहकार्य करत नाही’ लिहायचंच असेल तर तिला कोणी, कधी, कोणत्या भाषेत सांगितलं ते त्याच ओळीत लिहा आणि खाली सही करा.