‘दोन वर्षं उलटली, आता हात विसरा’: हे कुणी सांगितलं?

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सध्या फिरतोय. मानेच्या मणक्याला मार बसून हात लुळे पडले, तर दोन वर्षांत येईल तेवढं येतं. पुढे काही होत नाही. टेंडन ट्रान्सफरचं ऑपरेशन म्हणजे नवा प्रयोग, त्यात आहे तो चांगला स्नायूही जातो. त्यापेक्षा स्टेम सेल घ्या. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात मी ऑक्युपेशनल थेरपी करते. पेशंटचे नातेवाईक हाच मेसेज माझ्यापुढे धरतात.

दोन वर्षांचं अर्धंच खरं. मज्जारज्जूची आपसूक सुधारणा बहुतांशी सुरुवातीच्या वर्षभरात होते. पण टेंडन ट्रान्सफर तिच्या भरवशावर नसतं. चालत्या स्नायूचं टोक सोडवून बंद पडलेल्याच्या टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, जोडायचं. सांधे आखडले नसतील तर दहा वर्षांनीही जमतं. घाई असते ती बऱ्याचदा नर्व्ह ट्रान्सफरला, म्हणजे चालती नस बंद पडलेल्या नसेला जोडण्याला, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात.

नवा प्रयोग? स्वीडनच्या एरिक मोबर्ग यांनी हे १९७५ मध्ये लिहिलंय.

चांगला स्नायू जाण्याची भीती मात्र रास्त आहे, म्हणून नीट सांगते. कोपर वाकवायला बायसेप्स, ब्रेकियालिस, ब्रेकिओरेडियालिस असे तिघं. सरळ करायला मुख्यतः एकटा ट्रायसेप्स. सी-६ च्या, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीवर इजा झालेल्या, पेशंटला उताणं झोपवून हात छताकडे धरायला सांगा, कोपर दुमडून हात तोंडावर आदळतो. खांद्याच्या डेल्टॉइडचा मागचा भाग ट्रायसेप्सला जोडला की तो हात वर टिकतो. ब्रेकिओरेडियालिस अंगठ्याच्या टेंडनला जोडला की अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबला जातो: चमचा, एटीएम कार्ड, जमल्यास स्वतःचा कॅथेटर, म्हणजे लघवीची नळीसुद्धा. कोपर वाकतंच, बाकीचे दोघे आहेत ना! आणि घ्यायचा स्नायू ताकदीत पाचपैकी निदान चार ग्रेडचा नसेल, तर सर्जन सहसा हातच लावत नाही.

बोटं सुटी सुटी चालणार नाहीत, हेही ऐकून घ्या. कोपराच्या ऑपरेशननंतर काही आठवडे स्प्लिंट, मग दर आठवड्याला थोडंथोडंच वाकवायचं. तेवढा काळ ना व्हीलचेअर ढकलायची, ना पलंगावर स्वतः सरकायचं. नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या घरात उचलायला माणूस आहे का, हे आधी बघा.

राहिलं स्टेम सेल. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मज्जारज्जूच्या इजेसाठी ते क्लिनिकल ट्रायलबाहेर देता येत नाही आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी रकमेचा आकडा सांगितला, तर त्याच्याकडे सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा.