प्राण्यांचं मन ओळखा, अवघ्या तीस सेकंदांत!

प्राण्यांना कल्पनाशक्ती असते का, या प्रश्नापायी काही लोकांनी उगाच आयुष्यं घालवली. तुम्हाला एवढा वेळ कुठला? परवा फिरत आलेला व्हिडिओ तुम्हीही पुढे ढकलला असेलच: फाटलेली उशी, कान पाडून बसलेला कुत्रा, त्याच्या नाकासमोर मालकाचं बोट आणि खाली ओळ, 'मला एकटं सोडलंत ना, मग दिवसभर सूडाचा प्लॅन केला!' संपला प्रश्न. असंच झटपट संशोधन ज्यांना करायचं आहे, त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन.

पुरावा म्हणून एकच व्हिडिओ घ्या. दुसरा पाहिला की शंका येतात.

पार्श्वसंगीत उदास हवं.

प्राण्याला प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असू द्या. जर्मनीत हान्स नावाचा घोडा खुराचे ठोके देऊन गणितं सोडवायचा. 1904 साली तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली, तिलाही लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या गृहस्थाने उत्तर माहीत नसलेला माणूस प्रश्न विचारायला उभा केला, घोड्याला झापडं लावून पाहिली, आणि सगळी मजा गेली. ठोके बरोबर आकड्यावर आले की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, ते पाहून घोडा थांबत होता. असल्या माणसांना चार हात लांब ठेवा.

साधं स्पष्टीकरण शोधायला जाऊ नका. वोल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञाच्या चिंपांझींनी टेनेरिफ बेटावर खोके रचून उंच टांगलेली केळी काढली, म्हणजे त्यांच्या डोक्यात उत्तराचं चित्र आधीच उमटलं, तेवढं सांगा आणि थांबा. 1984 साली रॉबर्ट एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी कबुतरांना दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवल्या, खोका खुणेपर्यंत ढकलायचा आणि खोक्यावर चढून खेळण्यातल्या केळ्याला चोच मारायची. मग केळं उंच टांगलं आणि खोका लांब ठेवला. कबुतर थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिलं, मग खोका ढकलत केळ्याखाली नेला, वर चढलं आणि चोच मारली. आता कबुतराच्या डोक्यातही चित्र उमटलं म्हणायचं, की चिंपांझी आधी काय काय शिकून आले होते ते तपासायचं? दोन्हींत कष्ट आहेत. सोडून द्या.

तुम्ही विरुद्ध पक्षाचे असाल तर काम आणखी सोपं. 'सगळी उपजत प्रेरणा हो!' एवढं म्हणायचं आणि चहा प्यायला लागायचं. 2023 सालचे उंदरांवरचे प्रयोग मात्र चुकूनही वाचू नका. फिरत्या चेंडूवर उंदीर, भोवती पडद्यावर आभासी जागा, मेंदूत जागांची नोंद ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात इलेक्ट्रोड. आधी तो खराच पळत असताना कुठल्या जागी मेंदूत कुठला आकृतिबंध उमटतो, हे संगणकाला शिकवलं. मग चेंडूचा पडद्याशी संबंध तोडला. आता पाय कितीही हलवले तरी दृश्य हलेना, इष्ट जागेचा आकृतिबंध मेंदूत उमटला तरच हले. उंदरांना ते जमलं, आणि ती जागा त्यांनी कित्येक सेकंद मनात धरूनही ठेवली.

कान्झी या बोनोबो जातीच्या वानराचाही विषय टाळा. रिकाम्या सुरईतून दोन रिकाम्या पेल्यांत खोटा खोटा रस ओतला, एक पेला खोटा खोटाच रिकामा केला, आणि विचारलं, रस कुठे आहे? नुसत्या अंदाजाने निम्म्या वेळा बरोबर आलं असतं, त्याचं त्याहून बरंच जास्त वेळा आलं. महत्त्वाचं पुढेच आहे. एका पेल्यात खरा रस आणि दुसऱ्यात खोटा, असं ठेवल्यावर तो बहुतेक वेळा खराच मागायचा. म्हणजे रिकाम्या पेल्यात रस आहे अशी त्याची फसगत झाली नव्हती. अर्थात हा एकच बोनोबो, तोही लहानपणापासून माणसांत राहून चिन्हं शिकलेला. त्यावरून सगळ्या वानरांबद्दल बोलता येत नाही, आणि तुमच्या सोफ्यावरच्या प्राण्याबद्दल तर नाहीच.

आता सर्वांत लोकप्रिय युक्ती. कुत्र्याचा चेहरा वाचायचा. नजर चुकवतो, कान मागे, शेपूट खाली, ओठ चाटतो, पंजा उचलतो, म्हणजे गुन्हा कबूल! अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर हे तपासलं. मालकाने खाऊला तोंड लावू नको म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे संशोधक कधी खाऊ कुत्र्याला देणार, कधी उचलून नेणार, आणि परत आलेल्या मालकाला कधी खरं सांगणार, कधी खोटं. 'अपराधी' चेहरा कशावर अवलंबून निघाला? मालक रागावला की नाही, यावर! खाल्लं की नाही, याच्याशी संबंध नव्हता. उलट ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचा चेहरा जास्त अपराधी दिसला. त्याला भीती म्हणतात. समोरचा चिडलाय, त्याला शांत करायची धडपड आहे ती. आणि तुम्ही मोबाइल काढून त्याचं चित्रीकरण करता!

सूड म्हणजे काय, याचा कधी विचार केलात? संध्याकाळी मालक येईल, उशी बघेल, त्याला वाईट वाटेल, हे सगळं सकाळीच डोक्यात रंगवावं लागतं. उंदराने मनात एक जागा धरली हे दाखवायला मेंदूत तारा घालाव्या लागल्या, आणि तुम्ही एवढं नाटक एका उशीवरून ठरवून मोकळे झालात. वर त्यासाठी कुत्र्याला मारलंत. बक्षीस असो वा शिक्षा, कृतीनंतर एकदोन सेकंदांत मिळाली नाही तर कुत्र्याला तिचा संबंध लागत नाही. चार तासांनी मारलेल्या फटक्यातून तो एवढंच शिकतो, की तुम्ही घरी आलात की मार बसतो.

लाज वाटू द्या जरा. खोलीत कॅमेरा लावा आणि नासधूस कधी होते ते पाहा. तुम्ही निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात होत असेल, सोबत भुंकणं, लाळ गळणं, दार ओरबाडणं असेल, तर एकटं राहण्याची धास्ती असण्याची शक्यता मोठी आहे. घरात मुतत असेल तर आधी पशुवैद्याकडून लघवी तपासून घ्या, कारण मूत्रमार्गाला संसर्ग झाला तरी असं होतं. पिल्लू असेल तर दात येत असतील, चावायला दुसरं काही द्या. धास्तीच असेल तर काही सेकंदांपासून सुरुवात करा. बाहेर जा, तो अस्वस्थ व्हायच्या आत परत या, आणि वेळ हळूहळू वाढवा. याला आठवडे लागतात. त्रास जास्त असेल तर औषधंही आहेत, ती पशुवैद्याला विचारूनच द्या. तोवर त्याच्यावर हात उचलू नका.